खांद्यावरचा हात

१

आमच्या घरात एक रीत आहे. कुणी शेगडीवरचं दूध सांभाळत उभं असेल आणि दुसऱ्याला ते काम आपल्याकडे घ्यायचं असेल, तर तोंडाने काही बोलायचं नाही. मागून यायचं आणि खांद्यावर तळवा टेकवायचा. तळवा टेकला की पहिल्याने हात सोडायचे आणि बाजूला व्हायचं. तोवर काही झालं तरी हात सोडायचे नाहीत. मग हातात बाळ असो, शिडी असो नाहीतर उकळतं पातेलं असो.

मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. लग्न झालं आणि डोळे उघडले. नव्या नवलाईचे दिवस होते. मी दुधाचं पातेलं उतरवत होते, तर आमचे हे लाडात येऊन मागून आले आणि खांद्यावर हात ठेवला. मी हात सोडले. दूध यांच्या पायावर, पातेलं सासूबाईंच्या पुढ्यात, आणि माझी अक्कल सगळ्या घरभर. मी म्हटलं, तुम्ही घेतलंत म्हणून मी सोडलं, यात माझं काय चुकलं? अजूनही हे स्वयंपाकघरात शिरताना आधी खोकतात.

ही रीत आली माझ्या पणजीकडून. ती वाफेवरच्या लाँड्रीत कामाला होती. अख्ख्या शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी तिथे यायच्या. दोन तापलेले लोखंडी रूळ एकमेकांवर फिरायचे आणि त्यांच्यात ओली चादर सारायची, ती पलीकडून कोरडी होऊन निघायची. सारणारीने मध्येच हात काढले तर चादर रुळाला गुंडाळून जळायला लागायची. कानठळ्या बसवणारा आवाज, त्यात बोलणार काय? म्हणून बदलीची बाई मागून येऊन खांद्यावर तळवा ठेवायची. पणजीने हे घरी पोराला शिकवलं. ते पोर म्हणजे माझे आजोबा. त्यांनी माझ्या वडलांना आणि आत्याला शिकवलं.

आणि हीच पणजी, सगळं जग म्हणतं, एक दिवस भर दुपारी रूळ सोडून पळून गेली. चादर पेटली, रुळांचं दालन जळालं आणि बाईसाहेब कुणाबरोबर तरी पसार. पाच वर्षांचं पोर मागे टाकून. आजोबांना शेजारणीने वाढवलं आणि वस्तीने नाव ठेवलं, "पळालेलीचा". माझ्या वडलांना शाळेत तेच ऐकावं लागलं. आत्याचं ठरलेलं लग्न त्या एका शब्दावर मोडलं. ती आमच्याकडेच राहिली. आता माझ्या घरी असते, चौऱ्याऐंशीची आहे, अंथरुणाला खिळलीय, जीभ मात्र शाबूत.

मला हे कधीच पटलं नाही. मी स्वतः बाटल्यांच्या कारखान्यात जन्मभर पट्ट्यापुढे उभी राहिलेली बाई. जिच्या हातांची सवय चार पिढ्या सुटली नाही, तिने हात कसे सोडले, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

२

लाँड्री कित्येक वर्षं बंद होती. आता तिथे कामगारांच्या जुन्या आयुष्याचं संग्रहालय होतंय. रुळांचं दालन, मागच्या भिंतीला लागून असलेल्या कामगारांच्या खोल्या, सगळं होतं तसं उभं करताहेत. जुन्या कामगारांच्या घरच्यांनी येऊन भेटावं, असं त्यांनी पेपरात दिलं होतं. मी निवृत्त, रिकामी आणि भांडखोर. गेले.

तिथले साहेब तरुण होते, बोलायला गोड. मला चहा पाजला, पणजीची खोली कुठली ते दाखवतो म्हणाले. मग जाता जाता दालनाच्या दाराशी लावलेली पितळी पाटी दाखवली. उद्घाटनाआधी चकाचक घासलेली. तिच्यावर कोरलं होतं, की रुळावरील एक स्त्री कामगार आपली जागा सोडून निघून गेल्याने या दालनात आग लागली.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी म्हटलं, ही काढा. साहेब म्हणाले, मॅडम, मालकांच्या अहवालात असंच आहे. मी म्हटलं, मालकाच्या अहवालात काय असणार, मालक पळाला असं? ते हसले. पुरावा आणा, म्हणाले, मी बदलून देतो. पण पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे, त्याच्या आत आणा.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "एवढे दिवस तोंडातोंडी होतं. माणसं मेली की गेलं असतं. आता पितळेत घातलंय. माझ्याआधी ती पाटी जायला पाहिजे, सांगून ठेवते."

आत्या कधी काही मागत नाही. साधं पाणीसुद्धा मागत नाही, आपणच ओळखायचं.

३

दुसऱ्या दिवशी मी पणजीची खोली बघायला गेले. तिथे झाडलोट करणारे एक काका आहेत, त्यांनी कुलूप काढून दिलं आणि गेले.

खोली म्हणजे काय, आमच्या मोरीहून जेमतेम मोठी. एक फळी, तिच्यावर निजायचं. एक झरोका. भिंतीत दोन खुंट्या, एक माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर आणि एक माझ्या कमरेएवढ्या. कमरेएवढी कुणासाठी ठोकली असेल, हे कळायला मला वेळ लागला नाही. ती खुंटी मी हाताने चाचपली. पळून जायचा बेत असलेली बाई पोराच्या उंचीला खुंटी ठोकत बसते होय?

थोडं टेकावं म्हणून फळीवर बसले आणि पाठ भिंतीला लावली. बरं वाटलं. बाहेर थंडी होती, पाठ छान शेकत होती. मी चांगली पाच-दहा मिनिटं तशी बसले असेन, तेव्हा डोक्यात आलं, की भिंत का शेकतेय?

उठले. भिंतीला हात लावला. कोमट. कुणी नुकतंच पाठ टेकून उठावं तशी. मी टेकले होते, माझीच ऊब असेल, असं मनाशी म्हटलं. मग जिथे टेकले नव्हते तिथे, अगदी कोपऱ्यात, हात लावून पाहिला. तिथे जास्त गरम होती.

मी काही घाबरट बाई नाही. ऊन असेल म्हटलं. पण त्या बाजूला ऊन नव्हतं, त्या बाजूला रुळांचं दालन होतं. विजेची वायर असेल म्हटलं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, अजून वीज जोडलीच नाहीये, साहेब रोज त्यावरूनच ओरडताहेत.

४

आत्याला मी भिंतीचं सांगितलं ते उगाच, बोलायला विषय म्हणून. ती चहा पीत होती. कप तिने खाली ठेवला.

तिने मग जे सांगितलं, ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. आजोबा लहान असताना आई कामावर गेली की त्या भिंतीला चिकटून निजायचे. पलीकडे रूळ, रुळावर आई, त्यामुळे भिंत गरम. भिंत गरम आहे तोवर आई आहे, एवढं त्यांना कळायचं. आग लागली त्या दिवशी ते तिथेच होते. लोक त्यांना ओढून बाहेर नेत होते आणि ते ओरडत होते, आई आत आहे. कुणीतरी थोबाडीत मारली. आग विझली, दालन थंड झालं, मालकाने कुणाला आत जाऊ न देताच सांगितलं की तुझी आई पळाली. पण त्या खोलीत आजोबा शेजारणीबरोबर पुढे दोन वर्षं राहिले आणि ती भिंत कधी गार पडली नाही.

"बाबा शेवटपर्यंत भिंतीला पाठ लावून बसायचे, आठवतं ना?" आत्या म्हणाली. "कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावून बघायचे."

मला आठवत होतं. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो.

मी तिला विचारलं की हे आजवर का नाही बोललीस. ती म्हणाली, बोलून काय करणार? पळालेलीचा, तोही डोक्याने अधू, असं म्हणायचे लोक. एक नाव कमी होतं का?

५

दालनात शिरायला साहेबांनी परवानगी दिली, पण कशाला हात लावू नका म्हणाले. आम्हाला हात लावू नका म्हणणारे हे कोण, असं मनात आलं, पण गप्प बसले. ऐन दुपार होती. वरच्या काचांतून उजेड येत होता. काळवंडलेल्या भिंती तशाच ठेवल्या होत्या, मध्ये रूळ. कोपऱ्यातला एक रूळ आमच्या भिंतीच्या बरोब्बर पलीकडे.

रुळापुढे चादर सारायची लाकडी फळी होती, तिला कडेने लोखंडी पट्टी. खाली फरशीत दोन खळगे पडले होते, पावलं ठेवून ठेवून झिजलेले. मी वाकून बघितलं. खळग्यांत पाणी होतं.

काका फडकं घेऊन मागे उभेच होते. ते वैतागून म्हणाले की रोज पुसतो, रोज भरतं. छप्पर पाहिलं, नळ पाहिला, कुठे गळत नाही. बाकीच्या रुळांपुढे असेच खळगे आहेत, ते खडखडीत कोरडे. त्यांनी माझ्यादेखत ते पाणी टिपून घेतलं. मी पट्टीजवळ हात नेला. लावला नाही, नुसता जवळ नेला. इस्त्री जवळ धरली की लागते तशी धग लागली. कोळसा नाही, वाफ नाही, वीज नाही.

मी मागे सरले. म्हातारपणी रक्तदाब वाढला की तळहात गरम होतात, अशी स्वतःची समजूत घातली. काकांना म्हटलं, तुम्ही जरा हात धरा इथे. ते नको म्हणाले. इतक्या पटकन नको म्हणाले की मला कळलं, यांनी आधी धरून पाहिलाय.

खाली बघितलं तर खळग्यांच्या तळाशी पुन्हा ओल धरली होती. आधी टाचांपाशी, मग बोटांपाशी.

मी दाराकडे निघाले. धावले नाही, एवढं लिहून घ्या. दार जाड, लोखंडी पत्रा मारलेलं. बाहेर पडून ते लोटून घेताना माझं लक्ष कडीकडे गेलं. भली मोठी जुनी कडी, आगीत वाकलेली, आणि ती बाहेरच्या बाजूला होती. आतून दाराला काहीच नव्हतं, साधी मूठसुद्धा नव्हती. आणि कडी वाकली होती ती बाहेरच्या अंगाला, आतून कुणीतरी दार रेटत असावं तशी. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, हो, दार मूळचंच आहे, त्या काळी आग पसरू नये म्हणून दालनं बाहेरून बंद करायची सोय असायची.

सोय म्हणे.

६

रात्रभर आत्या तळमळत होती. सकाळी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बदलीला कुणी गेलंच नाही गं तिच्या." एवढंच. मी पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर टाकला आणि निघाले.

यांनी अडवायचा प्रयत्न केला. कुठल्या मेलेल्या माणसासाठी पोलिसांत जायची वेळ आणतेस, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या घरातली असती तर तुम्ही काय केलं असतं? ते म्हणाले, विसरलो असतो. खरं बोलतात हे, त्यांचा हा गुण मला आवडतो.

साहेब फोनवर होते. काका दिसले नाहीत. मी सरळ दालनात गेले आणि कोपऱ्यातल्या रुळापुढे, खळग्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. खळगे काठोकाठ भरले होते. दालनात आवाज नव्हता. पण ज्याने कारखान्यात काम केलंय त्याला माहीत असतं, मशीन बंद असलं तरी फरशीतून एक थरथर तळपायांना लागते. तशी लागत होती.

समोर कोणी नव्हतं. मी पुन्हा सांगते, समोर रिकामी हवा होती आणि मला ते दिसत होतं. तरी मी उजवा हात उचलला आणि जिथे माझ्याएवढ्या बाईचा खांदा असेल तिथे नेला. खांदा तिथे नव्हता. तो जरा खाली होता. माझी पणजी माझ्याहून बुटकी होती, हे मला तेव्हा कळलं.

ओलं कापड लागलं. त्याखाली हाड. सगळं थरथरत होतं.

"मी आले," मी म्हटलं. "सोड आता."

खांदा तळव्याखालून निसटला. जाताना वळला, आणि क्षणभर माझ्या मनगटाला कुणाचा तरी श्वास लागला, कढत. मग काही नाही. आणि पाहते तर माझे दोन्ही हात फळीवर, पाय खळग्यांत. मी ते कधी ठेवले, मला माहीत नाही.

मागे दार लागलं. वारा असेल, म्हटलं. मग कडी पडली. वारा कडी लावत नाही.

हात उचलेनात. कुणी धरले नव्हते, चिकटले नव्हते. माझेच हात होते आणि तेच ऐकत नव्हते. कारण खांद्यावर तळवा पडला नव्हता ना. धग वाढत होती. जळक्या सुताचा वास यायला लागला. मी मान वळवून मागे बघायचा प्रयत्न केला, कुणी येतंय का, कुणीतरी येईलच. आणि मला भीतीपेक्षा मोठं काहीतरी कळलं. तीसुद्धा अशीच मागे बघत उभी राहिली असणार. आता येईल, आता येईल, म्हणून.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवर पलीकडून थाप पडली. हलकीच. पुन्हा एकदा. लहान हाताची.

मग मात्र माझी सटकली. आमच्या घरातली माणसं एकच गोष्ट मनात धरून मेली, की ती पळाली नाही, ती पळाली नाही. मीही तेच सिद्ध करायला निघाले होते, मोठी शहाणी. अगं बाई, पळायला हवं होतंस की! चादर जळली असती, मालकाचं दालन जळलं असतं, जळू द्यायचं होतं. पलीकडे तुझं पोर होतं.

"मी जागा सोडतेय," मी मोठ्याने म्हटलं. जन्मात कधी कारखान्यात हे शब्द उच्चारले नव्हते. "खांद्यावर कुणाचा हात नाही, तरी सोडतेय. काय करायचं ते करा. आणि तूही चल."

हात सुटले. सुटताना तळव्यांची आग झाली. मी दाराकडे गेले आणि आतून दोन्ही मुठींनी दार बडवलं. आई-बापाने दिलेल्या सगळ्या शिव्या वापरल्या, काही मालकाच्या नावाने नव्या केल्या. दार बडवणारे हात माझे दोनच होते. आवाज मात्र जास्त येत होता.

काकांनी दार उघडलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कडी तर बाहेरून लागली होती, बाई आत कशा, असं ते पुटपुटत होते. मग त्यांनी फरशीकडे पाहिलं. माझ्या पायांत चपला होत्या, त्यांचे ओले ठसे दारापर्यंत आले होते. त्यांच्या बाजूने अनवाणी पावलांचे ठसे होते, माझ्याहून लहान. काकांनी फडकं काढलं नाही. दोघींना वाट द्यावी तसे ते दारातून बाजूला झाले.

मी तिथेच पिशवी ठेवली आणि पाटीचे स्क्रू काढायला बसले. पितळ आरशासारखं घासलेलं होतं. शेवटचा स्क्रू काढताना त्यात माझं तोंड दिसत होतं, आणि माझ्या खांद्यामागे डोक्याला बांधलेलं ओलं फडकं. त्याखालचा चेहरा मी पाहिला नाही. पाहू शकले असते. पाटी मी पालथी केली.

साहेब धावत आले. मॅडम, ही संस्थेची मालमत्ता आहे, तुम्हाला कल्पना आहे का, वगैरे.

"तुम्हाला पुरावा हवा होता ना?" मी म्हटलं. "कडी बाहेरून आहे. तिथून सुरुवात करा."

ते कडीकडे बघत राहिले. रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मी पाटी काखोटीला मारली आणि भर रस्त्याने घरी आले.

७

पोलीस आले नाहीत. उद्घाटन पुढे ढकललं. साहेबांचा फोन आला, आवाज उतरलेला. नवा मजकूर लिहितोय, म्हणाले, तुम्ही एकदा वाचून बघाल का? आणि सहज म्हणून सांगितलं, की त्या खोलीची भिंत आता फार गार लागते.

आत्याने त्या दिवशी पाटी मांडीवर घेतली, अक्षरांवरून बोटं फिरवली आणि मला म्हणाली, चांगली जड आहे, गरम पातेलं ठेवायला होईल. तिला मग झोप लागली. झोपायच्या आधी ती भिंतीकडे सरकली आणि पलंगाची बाहेरची बाजू मोकळी ठेवली. तेव्हापासून रोज ठेवते. मी विचारलं नाही.

काल सकाळी मी दूध तापवत होते. हे बाहेर पेपर वाचत होते, त्यांचा खोकला तिकडून ऐकू येत होता. दूध वर यायला लागलं आणि मागून माझ्या खांद्यावर तळवा टेकला. लहान, ओला आणि गरम.

हात सोडायची ती जन्माची सवय. बोटं सैल पडायला लागली होती. मी पातेलं घट्ट धरलं, उतरवलं आणि पाटीवर ठेवलं.

"तू बस," मी म्हटलं. मागे वळले नाही. "तुझी शिफ्ट संपली."

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग आत्याच्या खोलीत पलंग करकरला.